गोळी कधी चढते, कधी उतरते: पार्किन्सन्सच्या ऑन-ऑफचं वेळापत्रक बसवताना

पार्किन्सन्सचं निदान झाल्यावर पहिली काही वर्षं बहुतेकांना त्यामानाने सोपी जातात. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक गोळी घेतली की दिवस निभतो आणि एखादी तासभर मागेपुढे झाली तरी कळतही नाही. मग तक्रार सुरू होते: "पुढच्या गोळीच्या आधी तास-दीड तास पाय उचलतच नाही." घरचे म्हणतात, औषधाची सवय झाली, आता लागू पडत नाही. पण गोळी चढली की माणूस अजूनही नीट चालत असेल, तर औषध लागू पडतंय. त्याचा असर टिकतो मात्र कमी वेळ. डोस कमी पडणं आणि असर लवकर उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत.

या गोळीतलं मुख्य औषध म्हणजे लेव्होडोपा. तिचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. हे पहिल्या दिवसापासून तसंच असतं. आजाराच्या सुरुवातीला मेंदूत शिल्लक असलेल्या पेशी त्यापासून डोपामीन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, बनवतात, साठवतात आणि लागेल तसं सोडतात, म्हणून गोळ्यांमधलं अंतर जाणवत नाही. सोसायटीची टाकी शाबूत असेपर्यंत महापालिकेचं पाणी किती वाजता येतं याची कुणाला फिकीर नसते. टाकी गळायला लागली की नळ चालू तेवढंच पाणी. पेशी कमी होत जातात तसं हेच होतं, आणि माणसाचं चालणं-बोलणं रक्तातल्या चढउतारामागे फरफटत जातं.

यातून एक गैरसमज फार नुकसान करतो: "गोळी आत्ताच जास्त घेतली तर पुढे उपयोग होणार नाही, म्हणून जपून वापरा." २०१४ साली घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना झाली. घानात लेव्होडोपा बरीच उशिरा सुरू झाली होती, तरी चढउतार सुरू झाले ते आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर. चढउताराचा संबंध दिसला तो आजाराच्या वयाशी आणि रोजच्या डोसाच्या आकाराशी. औषध किती वर्षं घेतलं याच्याशी नाही. तेव्हा त्रास सोसत गोळी वाचवून ठेवू नका.

पुढे डोसांचे आकडे येतात ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. जेवणाची वेळ, पाणी, पोट, नोंदी एवढं घरच्यांच्या हातात आहे. गोळी वाढवणं, अर्धी करणं, बंद करणं हे न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच.

आधी तीन दिवसांची वही

ठाण्यातला असो की वाशीतला, कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट ओपीडीत रुग्णाला फार तर पंधरा-वीस मिनिटं बघतो. त्या वेळी रुग्ण ऑन (गोळी चढलेली) असला तर सगळं छान दिसतं, ऑफ (गोळी उतरलेली) असला तर डोस वाढतो. दोन्ही वेळा चित्र अर्धवटच. म्हणून भेटीच्या आधीचे सलग तीन दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, दर अर्ध्या तासाला एक आकडा लिहायचा:

० झोप
१ ऑफ: हालचाल मंद, अंग ताठ, कंप किंवा पाय जमिनीला चिकटणं
२ ऑन: हालचाल मोकळी
३ ऑन, अंग आपोआप हलतंय, पण त्याचा त्रास नाही
४ ऑन, पण अंग इतकं हलतंय की जेवणं-लिहिणं अवघड

शेजारी गोळी प्रत्यक्ष गिळल्याची वेळ लिहा. चिठ्ठीवरची वेळ नको. साडेबाराची गोळी एकला घेतली असेल तर एकच लिहायचं. काय खाल्लं आणि किती वाजता, शौचाला झालं का, कुठे पडझड झाली का, हेही. नोंद त्या-त्या वेळी करा. रात्री बसून आठवून लिहिलेली वही जवळजवळ निरुपयोगी असते, कारण वाईट तास लक्षात राहतात आणि बरे तास विसरले जातात.

"ऑन म्हणजे नक्की काय?" यावर घरात वाद होतोच. त्यासाठी रोजची दोन-तीन कामं ठरवून टाका: सदऱ्याचं बटण लावणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, दारात न थबकता वळणं. जमलं तर २, नाही तर १.

वहीच्या जोडीला फोनवर दोन छोटे व्हिडिओ काढा, एक ऑफमध्ये आणि एक गोळी घेतल्यावर तासाभराने. खुर्चीतून उठणं, घरातल्या पॅसेजमधून जाऊन वळून येणं, आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने अंगठ्यावर तर्जनी दहा-दहा वेळा आपटणं. अर्धा मिनिट पुरतो. बोटं आपटताना प्रत्येक ठोक्याला उघडीप कमी होत जाते का, ते डॉक्टरांना यात दिसतं, आणि ते शब्दांत सांगता येत नाही.

वही वाचायची कशी

समजा, ऐरोलीतले एक आजोबा आहेत. लेव्होडोपा १०० आणि तिला वाटेत वाचवणारी कार्बिडोपा २५ मिलिग्रॅम अशी एकेक गोळी सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री १० वाजता घेतात. वही असं सांगते: ७ ची गोळी ७.४५ ला चढली, १०.३० ला उतरली. १२ ची गोळी घेऊन १२.१५ ला आमटी, मटकीची उसळ आणि दही-भात असं जेवण. गोळी चढली १.३० ला, उतरली ४ ला. ५ ची चढली ५.४५ ला, उतरली ८.३० ला.

आता गणित. सकाळी गोळी चढायला पाऊण तास लागला, दुपारी दीड तास. वरचा पाऊण तास जेवणाने खाल्ला. तो डोस न बदलता परत मिळू शकतो. दुसरं, सकाळी आणि संध्याकाळी गिळल्यापासून उतरेपर्यंत साडेतीन तास, आणि दोन गोळ्यांत अंतर पाच तासांचं. म्हणजे दीड तासाची पोकळी ठरलेलीच, वर पुढची गोळी चढायचा पाऊण तास. ऑफ येऊच द्यायचा नसेल तर पुढची गोळी आधीची उतरण्यापूर्वी पाऊण तास पोटात जायला हवी, म्हणजे पावणेतीन ते तीन तासांनी. ७, १०, १, ४, ७ असं पाच वेळांचं वेळापत्रक डॉक्टर सुचवू शकतात. नाहीतर गोळ्या चारच ठेवून प्रत्येकीचा असर लांबवणारं दुसरं औषध जोडू शकतात. "बाबांना बरं वाटत नाही" असं सांगून हे दोन पर्याय समोर येत नाहीत. वही पुढे ठेवली की येतात.

वेळा वाढवताना एक चूक वारंवार होते. एकूण डोस तोच ठेवून एका गोळीच्या दोन अर्ध्या केल्या जातात. प्रत्येकाला ऑन होण्यासाठी एका वेळी किमान काही डोस लागतो. कुणाला १०० लागत असेल तर ५० मिलिग्रॅमने अर्धवट ऑन होत नाही, होतच नाही. दिवसभर गोळ्या चालू आणि दिवसभर माणूस ऑफ. अशा वेळी वहीत सगळीकडे १ दिसतो.

जेवण आणि गोळी

लेव्होडोपा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषली जाते. तिला आत नेणारी वाट आणि प्रथिनांपासून बनणाऱ्या काही अमिनो आम्लांची वाट एकच आहे. पुढे रक्तातून मेंदूत शिरतानाही हीच स्पर्धा. शिवाय जठरातून अन्न पुढे सरकेपर्यंत गोळी अडकून राहते; पार्किन्सन्समध्ये जठर मुळातच सुस्त असतं.

म्हणून चढउतार सुरू झालेल्यांनी गोळी जेवणाच्या आधी किमान अर्धा तास, किंवा जेवणानंतर किमान एक तासाने घ्यावी. जेवण जड असेल तर दीड-दोन तास. सोबत पेलाभर पाणी, ताठ बसून. पाणी पिताना ठसका लागत असेल तर एका दमात पेला रिकामा करू नये, छोटे घोट घ्यावेत आणि गिळण्याची तक्रार डॉक्टरांना सांगावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर मूठभर कुरमुरे किंवा एखादं साधं बिस्कीट चालतं. दुधाचा पेला नको. कपभर चहातल्या चमचा-दोन चमचे दुधाने फरक पडत नाही, पण २०० मिलिलिटर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं जातात.

ज्यांना तरीही दुपारचा ऑफ सतावतो त्यांनी दिवसाची बरीचशी प्रथिनं रात्रीच्या जेवणात न्यावीत. दिवसा पोहे, उपमा, भाकरी-भाजी, आमटी कमी घेऊन भात, फळं. उसळ, अंडी, मासे, पनीर, दही रात्री. हे कमी खाणं नव्हे. साठ किलोच्या माणसाला रोज पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं लागतातच, आणि पार्किन्सन्समध्ये वजन उतरण्याचा धोका आधीच असतो. प्रथिनं तोडून अंगातली ताकद घालवलेले रुग्ण पडतात आणि मांडीचं हाड मोडून घेतात. दोन आठवडे करून बघा, वहीत फरक दिसला तर चालू ठेवा, नाही दिसला तर घरच्या सगळ्यांबरोबर नेहमीचं जेवा. मधुमेह असेल तर दिवसा भात-पोह्यांनी साखर चढते, म्हणून आधी त्या डॉक्टरांनाही विचारा. ज्यांना अजून चढउतार नाहीत त्यांना हा खटाटोप करायची गरज नाही.

उपवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलू नये. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत पाणीही न घेणं पार्किन्सन्सच्या रुग्णाने टाळावं. पाणी कमी पडलं की रक्तदाब आणि पोट दोन्ही बिघडतं. साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट विसरू नका, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात.

लोहाची गोळी लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवते, तेव्हा दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं. मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टणावर लोह लिहिलं आहे का तेही पाहा. आणि तीन-तीन दिवस शौचाला होत नसेल तर कुठलंही वेळापत्रक बसणार नाही. बद्धकोष्ठता हा स्वतंत्र, किरकोळ त्रास समजला जातो, पण अचानक "गोळ्या चढेनाशा झाल्या" याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे. पाणी, भाज्या, चालणं, आणि नाही भागलं तर डॉक्टरांनी दिलेलं रेचक नियमाने.

दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या गोळ्या

हा भाग सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. पार्किन्सन्स बरा चाललेला असताना आठ-पंधरा दिवसांत माणूस एकदम खाली आला, तर नवा डोस मागण्याआधी घरातला औषधांचा डबा उलटा करा.

मेंदूतल्या डोपामीनला अडवणारी औषधं आपल्याकडे ॲसिडिटी, उलटी आणि चक्कर यांसाठी सर्रास दिली जातात. मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म. प्रोक्लोरपेराझीन, म्हणजे स्टेमेटिल. चक्करीसाठीचं सिनारिझीन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझीन. आणि सगळ्यांत लपून बसणारं लेव्होसल्पिराइड: ते पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये येतं आणि "पित्ताची गोळी" म्हणून महिनोन्महिने चालू राहतं. ब्रँडच्या नावावरून कळत नाही. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचावं लागतं. निरोगी माणसालाही यातल्या काही औषधांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं होतात, मग आधीच आजार असलेल्याचं काय होत असेल!

पित्तासाठी नुसतं पँटोप्राझोल चालतं. मळमळीसाठी डोमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही म्हणून तेच बहुधा निवडतात, पण हृदयविकार असेल तर आधी ईसीजी काढून. भास किंवा भ्रम झाले तर हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलॅन्झापीन टाळायची असतात. गरज पडलीच तर क्वेटियापीन किंवा रक्ततपासणी ठेवून क्लोझापीन. भास नव्याने सुरू झाले असतील तर आधी लघवीचा संसर्ग, सोडियम आणि अलीकडे वाढवलेली गोळी, हे तिन्ही तपासून घ्या.

कंपासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन, वर्षानुवर्षं तशीच चालू असते. सत्तरीच्या माणसात तिने विसराळूपणा, लघवी अडकणं, बद्धकोष्ठता वाढते. ती हवीच आहे का, हे विचारून घ्या. एकदम मात्र बंद करू नका.

आयुर्वेदिक चूर्णांबद्दलही सांगा. खाजकुयलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या बियांत खरोखर लेव्होडोपा असते. म्हणूनच ती निरुपद्रवी नाही: चमच्यात किती आली ते पुडीगणिक बदलतं, आणि सोबत कार्बिडोपा नसते. घेत असाल तर लपवू नका, डोस त्या हिशेबाने ठरवावा लागतो.

स्ट्रिपवरचे आकडे

सिंडोपा ११० म्हणजे लेव्होडोपा १०० अधिक कार्बिडोपा १०. सिंडोपा प्लस म्हणजे १०० अधिक २५. सिंडोपा २७५ म्हणजे २५० अधिक २५. टायडोमेटमध्ये हेच एलएस, प्लस आणि फोर्ट या नावांनी. मेंदूपर्यंत जाणारी लेव्होडोपा यातला पहिलाच आकडा. कार्बिडोपा तिला वाटेत, शरीरात इतरत्र डोपामीन होण्यापासून वाचवते. त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. ११० च्या तीन गोळ्यांत ती फक्त ३० होते, म्हणून अशा रुग्णांना मळमळ जास्त होते. प्लसवर आणून हा त्रास बरेचदा सुटतो.

केमिस्टने "तेच औषध, दुसरी कंपनी" म्हणून दिलं तर दोन्ही आकडे आणि सीआर ही अक्षरं जुळवून मगच घ्या. सीआर गोळी हळूहळू सुटते, तिच्यातली सगळी लेव्होडोपा अंगी लागत नाही, साध्याच्या साधारण सत्तर टक्केच. चढायलाही वेळ लागतो. साध्याच्या जागी सीआर आली की दिवस बिघडतो, आणि सीआर चुरडली किंवा चावली तर सगळा डोस एकदम सुटतो. घरात नेहमी पंधरा दिवसांचा साठा हवा. पावसाळ्यात गोळ्या स्ट्रिपमधून काढून आठवड्याच्या डब्यात भरून ठेवू नका, दमट हवेत त्या काळवंडतात; त्या दिवसापुरत्याच काढा.

डॉक्टर कोणत्या क्रमाने जातात

सरधोपट असा नियम नाही, पण विचार साधारण असा असतो. आधी जेवण, पोट आणि वेळा. मग लेव्होडोपाच्या वेळा जवळ आणणं. मग असर लांबवणारी औषधं.

एंटाकॅपोन २०० मिलिग्रॅम लेव्होडोपाच्या प्रत्येक गोळीबरोबर घ्यायची असते. एकटी घेऊन उपयोग शून्य. एकाच गोळीत तिन्ही घटक असलेली रूपंही मिळतात. लघवी नारिंगी-तपकिरी होते, ते रक्त नव्हे. काहींना दीड-दोन महिन्यांनी जुलाब सुरू होतात, तेव्हा बाहेरचं खाणं हे कारण धरून बसू नका. ही सुरू केल्यावर अंग जास्त हलायला लागलं तर लेव्होडोपा थोडी कमी करावी लागते.

रॅसाजिलिन दिवसातून एकदा, १ मिलिग्रॅमपर्यंत, घ्यायला सोपी. पण ती चालू असताना पेथिडीन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन चालत नाही. ठाण्या-मुंबईच्या हवेत हिवाळ्यात खोकला ठरलेला. काउंटरवर बाटली घेताना हे नाव वाचून घ्या.

प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामीनचं काम करणारी औषधं तरुण रुग्णांत जास्त वापरतात. पायाला सूज, दिवसा अचानक झोप, आणि एक गोष्ट जी घरात कुणी बोलत नाही: आवर न राहणं. लॉटरी, पैसे लावून पत्ते, सारखी खरेदी, खाणं किंवा लैंगिक इच्छा एकदम वाढणं. हा स्वभावदोष नाही, औषधाचा परिणाम आहे आणि डोस कमी केल्यावर बहुधा ओसरतो. रुग्ण स्वतः सांगत नाही, त्याला ते चुकीचं वाटतही नसतं. बँकेचं पासबुक बघणाऱ्या माणसाला ही माहिती औषध सुरू होतानाच असायला हवी. हेही औषध झटक्यात थांबवायचं नसतं.

अंग हलणं म्हणजे कंप नव्हे

खुर्चीत बसलेली आजी डुलतेय, मान वळतेय, पाय आपोआप सरकतोय. घरचे म्हणतात कंप वाढला, अर्धी गोळी जास्त द्या. इथे नेमकं उलटं घडत असतं. कंप तालात असतो, हात मांडीवर निवांत असताना दिसतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, ऑफमध्ये जास्त. डिस्कायनेसिया म्हणजे औषधाने येणारी हालचाल: वळसे घेत जाणारी, नाचल्यासारखी, ताल नसलेली. ती बहुधा गोळी पूर्ण चढलेली असताना येते आणि तेव्हा रुग्ण चालत-बोलत असतो. वेळ वहीत बघा. गोळीनंतर तास-दीड तासाने आली तर डोस त्या वेळेला जास्त होतोय. लहान डोस जवळ-जवळ, किंवा अमँटाडीन हा उपाय डॉक्टर बघतात. अमँटाडीन रात्री घेऊ नये, झोप उडते. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो. हालचाल गोळी चढताना आणि उतरताना अशी दोनदा, मुख्यतः पायांत येत असेल तर तो वेगळा प्रकार आहे आणि डोस कमी करून तो वाढू शकतो. म्हणून वेळेची नोंद इतकी महत्त्वाची.

हालचाल सौम्य असेल आणि रुग्णाला तिचं काही वाटत नसेल, तर ती पूर्ण घालवायच्या मागे लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नातेवाइकांना ती बघवत नाही, पण तिच्यासाठी डोस कापला की रुग्णाचे चालते तास जातात.

जो ऑफ दिसत नाही

ऑफमध्ये फक्त हातपायच अडतात असं नाही. दरदरून घाम, छाती भरून येणं, धडधड, कारण नसताना रडू, "काहीतरी होणार" अशी भीती, अंगदुखी. नीट बघितलं तर हे रोज गोळी उतरायच्या वेळेला येतं आणि पुढची चढली की जातं. अशा माणसाला झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या वाढवत नेल्या जातात, खरं तर पोकळी भरायला हवी असते. छातीत पहिल्यांदाच दुखलं तर मात्र आधी हृदयच तपासायचं.

उलट, उठताना चक्कर ही उतरलेल्या गोळीची नसून घसरलेल्या रक्तदाबाची असू शकते. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर लिहून ठेवा. उच्च रक्तदाबाची जुनी गोळी अजून पूर्ण डोसात चालू असणं हे याचं नेहमीचं कारण.

पहाट आणि प्रवास

रात्रीची गोळी दहाला, सकाळची सातला: नऊ तासांची पोकळी. कूस वळता येत नाही, पहाटे पायाची बोटं आत वळून पिंढरी आखडते. झोपताना सीआर हा एक उपाय. दुसरा पहाटेचा: साधी गोळी, सीआर नव्हे, उशाशी पाण्यासह ठेवा, उठायच्या पाऊण तास आधी घ्या आणि चढेपर्यंत अंथरुणातच राहा. डॉक्टरांनी मान्य केलं तर ती अर्धा पेला पाण्यात विरघळवून घेता येते, लवकर चढते. विरघळवलेली लगेच प्या, उद्यासाठी ठेवू नका.

घोडबंदर रोडवर संध्याकाळी किंवा शीळफाट्याला अडकलात तर एक गोळी हमखास हुकते. खिशात एक गोळी आणि छोटी पाण्याची बाटली असू द्या. राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या वेळा त्याच अंतराने पुढे ढकला, दोन एकदम नकोत. लोकलचा प्रवास ऑनच्या तासात ठरवा. पार्किन्सन्स २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत येतो, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. तो करायला संकोचू नका. फिजिओथेरपी आणि ठाण्याच्या उपवन किंवा वाशीच्या सागर विहारचा फेरफटकाही ऑनमध्येच.

गोळ्यांनी भागत नाही तेव्हा

दिवसाला लेव्होडोपाच्या पाच किंवा जास्त वेळा, दोन तास किंवा जास्त ऑफ, एक तास किंवा जास्त त्रासदायक हालचाल. यातलं एक जरी लागू झालं तर मूव्हमेंट डिसऑर्डरच्या तज्ज्ञाकडे जायची वेळ झाली आहे. ॲपोमॉर्फिनचं इंजेक्शन किंवा पंप आणि मेंदूत विजेच्या बारीक तारा बसवायची डीबीएस शस्त्रक्रिया यांचा विचार तिथे होतो. डीबीएस कुणाला लागू पडेल याची मुख्य कसोटी हीच, की लेव्होडोपा चढल्यावर माणूस किती सुधारतो. गोळी चढल्यावरही न सुधारणारा तोल किंवा बोलणं शस्त्रक्रियेने सहसा सुधारत नाही. विचार लवकर करावा, अंथरुणाला खिळल्यावर नव्हे. मुंबईतल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या आधारगटांत या वाटेने गेलेली कुटुंबं भेटतात.

इस्पितळात दाखल करताना

मोतीबिंदू, हर्निया, हाड मोडणं, डेंग्यू: कशासाठीही दाखल झालात तरी वॉर्डातल्या गोळ्या ठरलेल्या फेरीत येतात, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. पार्किन्सन्सची गोळी ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळाली पाहिजे. दाखल होतानाच मोठ्या अक्षरातला एक कागद फाइलला लावा: औषधाचं नाव, दोन्ही आकडे, नेमक्या वेळा, आणि खाली लाल शाईने "मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझीन, हॅलोपेरिडॉल देऊ नये". घरच्या गोळ्या सोबत न्या, कारण इस्पितळाच्या फार्मसीत नेमका तो आकडा नसतो.

शस्त्रक्रियेआधी "तोंडाने काही नाही" म्हटलं की गोळीही बंद केली जाते. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊ देता येते का, नाहीतर नळीतून किंवा रोटिगोटिनच्या पॅचने सोय करता येते का. रॅसाजिलिन चालू असेल तर तेही त्यांना सांगा.

लेव्होडोपा अचानक बंद पडली किंवा एकदम कमी झाली तर काही जणांना एक-दोन दिवसांतच जोराचा ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम आणि भान हरपणं असा प्रकार होतो. तो जिवावर बेतू शकतो. घरी असाल तर १०८ बोलवा, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की पार्किन्सन्सची गोळी अमुक वेळेपासून पोटात गेलेली नाही.